पट्ट्याखालचा उजवा हात

रविवार. आमच्या पंचांगाने अजून पौषच, गल्लीतल्या पंचांगाने माघ लागलेला. वेळ सकाळच्या चहानंतरची. हजर: मामंजी, सासूबाई, आमचे हे, लेक आणि मी. शेजारच्या काकूंना बोलावलं नव्हतं, पण वाटीभर साखरेचं निमित्त काढून त्या आल्या आणि बसल्या, म्हणून त्यांनाही हजर धरलं. विषय एकच: मामंजींचं ब्लडप्रेशर.

मी कॉलेजच्या ऑफिसात आहे. बैठकांचे वृत्तांत लिहिण्यात माझी इतकी वर्षं गेली, की घरात चार माणसं एकदम बोलायला लागली तरी मनातल्या मनात हजेरी घेऊन मोकळी होते. त्या दिवशी मात्र त्याची खरोखर गरज होती. कारण प्रेशर उतरलं नाही तर मोतीबिंदूचं ऑपरेशन होणार नव्हतं, आणि ऑपरेशन झालं नाही तर मामंजींना एकट्याने गंगेच्या घाटावर जायला मिळणार नव्हतं. घरातल्या बाकी सगळ्यांना ऑपरेशन महत्त्वाचं वाटत होतं. मामंजींना घाट.

मामंजी म्हणजे माझे सासरे. बनारसच्या ब्रह्मा घाटावर जन्म, तिथेच यजुर्वेदाचं अध्ययन आणि पुढे आयुष्यभर तिथेच अध्यापन. मुंज झाल्यापासून रोज पहाटे गंगेवर स्नान. आजारपण सोडलं तर त्यात खंड नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण पायऱ्या पाठ आहेत असं त्यांचं म्हणणं. दिवाळीच्या आधी एका पहाटे त्यांनी जिथे पायरी नव्हती तिथे पाय टाकला. बसकण मारली, कुठे मोडलं नाही. तांब्या तेवढा टणटणत खाली गेला आणि गंगार्पण झाला. दोन मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, त्यांना धरून वर आणलं, आणि त्यांना धरून आणलेलं अख्ख्या गल्लीने पाहिलं. त्याच दिवशी ह्यांनी फर्मान काढलं: ऑपरेशन होईपर्यंत एकट्याने घाट बंद. ह्यांची रेल्वेतली नोकरी, ड्यूटी सकाळची. त्यामुळे सोबत मिळायची ती सुट्टीच्या दिवशीच. इतर दिवशी मामंजी न्हाणीघरात गीझरच्या पाण्याने आंघोळ करायचे. गंगेचं स्तोत्र म्हणायचे, पण म्हणताना गीझरकडे अशा नजरेने बघायचे की त्या यंत्राची दया यावी. 

मामंजी भांडले नाहीत. पहाटे उठून गच्चीत उभे राहायचे एवढंच. तिथून गंगा दिसते. म्हणजे डोळे धड असणाऱ्याला दिसते.

आणि डोळ्यांच्या दवाखान्यातून आम्ही दोनदा परत आलो होतो. दोन्ही वेळेला तेच. उपाशीपोटी न्यायचं, नंबर यायचा, सिस्टर दंडाला पट्टा बांधायची, आकडा बघून दुसऱ्या सिस्टरला बोलवायची, मग डॉक्टर येऊन सांगायचे, ‘‘आज नहीं हो पाएगा.’’ दुसऱ्या खेपेला त्यांनी नीटच सांगितलं: आधी प्रेशर काबूत आणा, घरी मोजून नोंद ठेवा, तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग तारीख देऊ. आमच्या घरच्या डॉक्टरीणबाई दोन गल्ल्या पलीकडे बसतात. त्यांनी एक छोटी गोळी सुरू केली आणि रोज सकाळी मोजायला सांगितलं. म्हणून मोजायचं यंत्र आणलं, आणि म्हणून ही रविवारची बैठक.

पहिलं मोजमाप कसं झालं ते आता लिहिताना हसू येतं. मामंजी पाटावर मांडी घालून बसले होते, कारण ते पाटावर मांडी घालूनच बसतात. अंगात स्वेटर, त्यावर शाल. पट्टा स्वेटरवरूनच बांधला. पोटात नुकताच घेतलेला आल्याचा चहा. हात हवेत अधांतरी, कारण तो कुठे ठेवायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. लेकीने बटण दाबलं, यंत्र घरघरलं, पट्टा फुगायला लागला, आणि त्याच क्षणी सासूबाईंनी विचारलं, ‘‘अहो, दुखतंय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तोंड असं का केलंय?’’

‘‘बाबा, बोलू नका,’’ हे म्हणाले.

‘‘मी कुठे बोलतोय? ती विचारतेय.’’

‘‘आजोबा, टेन्शन नका घेऊ ना, बिलकुल रिलॅक्स,’’ लेक म्हणाली.

‘‘मुलगी हिंदीत सांगतेय की मराठीत?’’ काकूंनी मध्येच शंका काढली.

आकडा आला एकशे ब्याऐंशी. मग सासूबाई म्हणाल्या, ‘‘ह्या डब्यात काहीतरी बिघाड आहे. माझं बघा.’’ त्यांचं बघितलं. पट्टा फुगून पूर्ण उतरेपर्यंत त्यांनी काकूंना तीळ कुठे स्वस्त मिळतात ते सांगितलं, त्यामुळे यंत्राने आकड्याऐवजी नुसतं चूक झाल्याचं चिन्ह दाखवलं. ह्यांचं थोडं वाढलेलं निघालं, त्याबद्दल ह्यांनी मामंजींकडे रागाने पाहिलं. काकूंचं मात्र अगदी पुस्तकात असतं तसं आलं. पुढे कितीतरी दिवस त्या गल्लीत कोणीही भेटलं की आपलं प्रेशर सांगत होत्या.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मी यंत्राबरोबर आलेला कागद शेवटपर्यंत वाचला. असे कागद वाचणारी घरात मी एकटीच. वाचल्यावर कळलं की मोजताना जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या आम्ही सगळ्या केल्या होत्या. लगेच यादी करून फ्रिजवर लावली. चहाआधी मोजायचं. आधी लघवीला जाऊन यायचं. थोडा वेळ शांत बसायचं. पाठीला आधार, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही आणि मांडी तर मुळीच नाही. पट्टा उघड्या दंडावर. हात टेकलेला आणि हृदयाच्या उंचीला. हात खाली लोंबकळत राहिला तर आकडा उगाच जास्त येतो, वर उचललेला असला तर कमी. आणि शेवटचा नियम मी लाल पेनाने लिहिला: कोणीही बोलायचं नाही. त्याखाली लेकीने लिहिलं, ‘खास करून आजी’.

सोमवारपासून यादीप्रमाणे सुरू झालं. मामंजी खुर्चीत बसले, दोन्ही पाय जमिनीवर, पाठ ताठ, जसं काही कोणी फोटो काढायला आलंय. हात टेकायला टेबल ठेंगणं पडत होतं, म्हणून त्यावर जुन्या पंचांगांचा गठ्ठा ठेवला. आमच्या घरात जुनं पंचांग टाकत नाहीत, त्यामुळे छातीपर्यंत उंची सहज मिळाली. थंडी फार होती, तेव्हा पट्टा बांधून झाला की मी हातावरून शाल पांघरायची. सगळे गप्प. सासूबाई तोंडावर पदर धरून गप्प.

आकडा उतरला, पण पुरेसा नाही. एकशे सत्तरच्या आसपास घुटमळत राहिला. कधीकधी यंत्र दोनदोनदा फुगायचं आणि शेवटी तेच चूक झाल्याचं चिन्ह दाखवायचं. ह्यांनी निकाल देऊन टाकला की यंत्र खराब आहे, बदलून आणू. पण हेच यंत्र काकूंचा आकडा रोज एकसारखा दाखवत होतं, आणि त्या रोज न चुकता मोजून घ्यायला येत होत्या. तेव्हा दोष यंत्राचा नव्हता.

‘‘मामंजी, मनात काही काळजी येते का हो मोजताना?’’ मी विचारलं.

‘‘छे. उलट मी मन अगदी शांत ठेवतो. दवाखान्यातल्या सिस्टरने तसं सांगितलंय ना,’’ ते म्हणाले. ‘‘तू काळजी करू नकोस. नसेल होत तर नाही. गीझर आहे की.’’

हे त्यांनी इतक्या समजूतदारपणे सांगितलं की मी त्याच दिवशी ऑफिसातून लवकर निघाले आणि त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. सासूबाई बरोबर आल्याच.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, बनारसच्याच. मामंजींना पंडितजी म्हणतात, मला बहूजी. अजून पाऱ्याचं उभं यंत्र वापरतात, रबराचा फुगा हाताने दाबायचं. त्या दिवशी गर्दी नव्हती. पट्टा बांधता बांधता मामंजींनी त्यांना विचारलं, ‘‘डॉक्टर साहिबा, ये ऊपर और नीचे, दो आँकड़े किस बात के?’’

त्या हसल्या. म्हणाल्या, पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय, नाहीतर लोक फक्त वाढलंय का तेवढंच विचारतात. मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे चौकोन काढला आणि त्याचे चार खण केले. हृदय म्हणजे दोन मजली, चार खोल्यांचं घर, असं त्या हिंदीत सांगत होत्या. वरच्या दोन खोल्या लहान, रक्त आत घेणाऱ्या. खालच्या दोन जाड भिंतींच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या. उजवीकडची खालची खोली रक्त फुप्फुसांत धाडते, हवा भरून आणायला. ते परत येतं डावीकडे, आणि डावीकडची खालची खोली ते अंगभर पाठवते, डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. म्हणून तिची भिंत सगळ्यात जाड. प्रत्येक खोलीला दार आहे, पण ते एकाच बाजूला उघडतं. मागे जायचं म्हटलं तर जाता येत नाही. छातीवर कान ठेवला की जो आवाज येतो तो ही दारं बंद होण्याचा.

‘‘जोरात लागतात म्हणजे,’’ सासूबाई मला हळूच म्हणाल्या.

खोली आवळली जाते तेव्हा रक्त जोराने नळ्यांमध्ये जातं. तो जोर म्हणजे वरचा आकडा. मग ती सैल पडते, पुन्हा भरते. तेवढ्या वेळात नळ्यांमध्ये जो जोर शिल्लक असतो तो खालचा आकडा.

‘‘म्हणजे मोटर चालू असतानाचा आणि बंद असतानाचा,’’ सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरी पाणी वरच्या मजल्यावर मोटरने चढतं, आणि ती चालू-बंद करण्याचं खातं त्यांच्याकडे आहे. पण लगेच त्यांनाच शंका आली. ‘‘मोटर बंद केली की आपल्या नळाची धार तर लगेच तुटते. मग आतमध्ये जोर उरतो कसा?’’

मी हे हिंदीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हुशार विद्यार्थिनीकडे बघावं तसं कौतुकाने सासूबाईंकडे बघितलं आणि म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे. तुमचा पाइप लोखंडाचा आहे, अंगातल्या नळ्या रबरासारख्या आहेत. हृदय ढकलतं तेव्हा त्या थोड्या फुगतात, आणि ते सैल पडलं की त्या आकसून रक्ताला पुढे रेटतात. त्यामुळे धार तुटत नाही. वय झालं की नळ्या कडक होतात, लोखंडाकडे झुकतात, म्हणून म्हातारपणी वरचा आकडा चढतो.

‘‘ऐकलंत का, तुम्ही लोखंडाचे व्हायला लागलात,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘पहिल्यापासून आहे. तुझ्या हाताखाली टिकलो तो उगाच नाही,’’ मामंजी म्हणाले.

मग मोजायला घेतलं. उघडा दंड, त्यावर पट्टा, हात टेबलावर, वरून शाल. डॉक्टरीणबाईंनी कानाला आला लावला. आला म्हणजे स्टेथोस्कोप, इथे सगळे आलाच म्हणतात. फुगा दाबून पारा वर चढवला आणि हळूहळू सोडायला लागल्या. मध्येच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा चढवला, पुन्हा सोडला.

‘‘पंडितजी, हाथ ढीला छोड़िए.’’

‘‘ढीला ही है.’’

‘‘पारा काँप रहा है. भीतर कुछ कर रहे हैं आप.’’

मामंजी निष्पाप चेहऱ्याने समोर बघत होते. ओठ मिटलेले, श्वास अगदी संथ, खरं म्हणजे जरा जास्तच संथ. मी काही बोलणार तोच सासूबाई पुढे झाल्या, त्यांनी शाल बाजूला केली आणि मामंजींच्या उजव्या हाताकडे थोडा वेळ टक लावून पाहिलं.

‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सोळावा अध्याय ना?’’

मामंजींच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा चोरी पकडल्यासारखा भाव पाहिला.

हे समजायला आमच्या घरची रीत सांगायला हवी. आमच्या शाखेत वेद म्हणताना स्वर नुसता गळ्यातून निघत नाही, उजवा हातही तो दाखवतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, काही ठिकाणी बाजूला. लहानपणी गुरुजी हात धरून शिकवतात, आणि हात चुकला की पाठ चुकला असं धरतात. मामंजींचा हात आणि त्यांचं पाठांतर ह्यांना कोणी वेगळं करू शकत नाही. सिस्टरने मन शांत ठेवायला सांगितलं, आणि मामंजींच्या दृष्टीने मन शांत ठेवणं म्हणजे पाठ करणं. दुसरा अर्थ त्यांना माहीतच नव्हता. तेव्हा पट्टा आवळला की ते मनात रुद्र, म्हणजे यजुर्वेदाचा सोळावा अध्याय, म्हणायला सुरुवात करायचे. श्वास एकेका ओळीला लांबवर पुरवायचे. आणि शालीखाली, पट्ट्याखाली, उजवा हात जागचा न हलता प्रत्येक स्वराला आवळला आणि सोडला जायचा.

‘‘दवाखान्यात पण?’’ मी विचारलं.

‘‘तिथे तर वेळ पुष्कळ होता,’’ ते म्हणाले. ‘‘तिथे मी पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली होती.’’

हे सगळं डॉक्टरीणबाईंना समजावून सांगताना माझी दमछाक झाली. समजलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि हसून हसून डोळे पुसले. म्हणाल्या, स्नायू असा आवळत राहिला, श्वास असा रोखून धरला, तर प्रेशर चढणारच, आणि मोजमापही बिघडणार. आता पाठ न करता बसा, पुन्हा बघू.

मामंजी बसले. प्रामाणिकपणे प्रयत्न केला त्यांनी. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, ‘‘झाला सुरू.’’

‘‘अगं, मग करू काय? डोक्यात दुसरं काही नाहीच. बंद करायचं म्हटलं की ते जास्त जोरात चालतं.’’

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. मग स्वतःच्या कानातला आला काढून त्यांनी मामंजींच्या कानांना लावला. दुसरं टोक कोपराच्या आतल्या बाजूला पट्ट्याखाली धरलं. ‘‘पाठ बहुत कर लिए,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अब सुनिए. पहली आवाज़ आए तो बाएँ हाथ की उँगली उठाइए. आवाज़ बंद हो जाए तो फिर उठाइए.’’

पारा वर चढला. मग फुशश करत हळूहळू उतरायला लागला. मामंजींनी डोळे मिटले. मी त्यांना शिष्यांचा पाठ ऐकताना कितीदा पाहिलंय, मान किंचित डावीकडे कललेली, भुवया उचललेल्या. अगदी तशीच मान झाली. उजवा हात टेबलावर पडला होता, उन्हात झोपलेल्या मांजरासारखा. डावं बोट वर गेलं. डॉक्टरीणबाईंनी पाऱ्याकडे बघून मान हलवली. पारा उतरत राहिला. मामंजींच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, आणि मग दुसऱ्यांदा बोट वर.

‘‘एक सौ छियालीस,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘नीचे चौरासी.’’

लगेच त्यांनी आला परत घेऊन एकशे सेहेचाळीसची स्वतः ऐकून खात्री केली. फरक नावापुरता.

मामंजींचं लक्ष आकड्याकडे नव्हतंच. त्यांना जे ऐकू आलं त्याचं काय करावं हे समजत नव्हतं. ‘‘आधी काहीच नाही,’’ ते आम्हाला मराठीत सांगायला लागले. ‘‘एकदम निःशब्द. मग कोणीतरी दार ठोठावावं तसं ठक, ठक. स्वच्छ. मग त्यात जरा घोळ येतो, सूं असं होतं. मग पुन्हा ठक. मग बारीक होत होत पुन्हा निःशब्द. हे सगळं माझ्या दंडात?’’

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पट्टा गच्च आवळला की नळी बंद, रक्त जातच नाही, म्हणून आवाज नाही. पट्ट्याचा जोर हृदयाच्या जोरापेक्षा जरासा कमी झाला की प्रत्येक ठोक्याला थोडं थोडं रक्त धडकून पलीकडे जातं. तो पहिला आवाज, तो वरचा आकडा. नळी पूर्ण मोकळी झाली की रक्त नेहमीसारखं सुरळीत वाहतं, आणि आवाज थांबतो. तो खालचा.

मामंजी ते घोळवत बसले. ‘‘म्हणजे अडवलं की बोलतं,’’ ते म्हणाले. ‘‘मोकळं सोडलं की गप्प.’’

‘‘माझं उलटं आहे,’’ सासूबाई म्हणाल्या.

गोळी चालूच ठेवायची, मीठ कमी, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. पण एक अडचण राहिलीच. डोळ्यांच्या दवाखान्यात कोणी मामंजींच्या कानाला आला लावणार नव्हतं. घरचं यंत्र आपलं आपण मोजतं, त्यात ऐकण्यासारखं काही नाही. आम्ही बरेच उपाय करून पाहिले. लेकीने मोबाइलवर तबला लावून दिला. तर हात त्याच्यावर ताल धरायला लागला. मी छताच्या कड्या मोजायला सांगितल्या. त्या त्यांना दिसत नव्हत्या.

उपाय सासूबाईंनी काढला. त्यांनी मोजायच्या वेळी शेजारी स्टूल घेतलं आणि मामंजींच्या उजव्या पंजावर आपला हात अलगद ठेवला. धरला नाही, नुसता ठेवला. ‘‘पहिला स्वर लागला की चिमटा काढीन,’’ त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी एकदा काढला. दुसऱ्या दिवशी गरज पडली नाही. पन्नास वर्षांहून जास्त संसार झाला, पण चारचौघांत दोघांनी एकमेकांचा हात असा कधी धरलेला नसावा. हे पेपर वर करून वाचत बसले. लेकीने फोटो काढला. काकू म्हणाल्या, ‘‘माझ्या वेळी कोण धरणार?’’ आणि आकडा रोज थोडा थोडा खाली सरकत गेला.

मग तिसरी खेप. दवाखान्यात पुन्हा तीच सिस्टर, हातात तोच पट्टा. ‘‘रिश्तेदार लोग बाहर,’’ ती म्हणाली. मी उठले. सासूबाई हलल्या नाहीत.

‘‘माताजी, आप भी.’’

‘‘मैं नहीं जाऊँगी. मैं गई तो ये अध्याय शुरू कर देंगे.’’

‘‘क्या शुरू कर देंगे?’’

हे परत सगळं सांगायला लागणार म्हणून मी दारातून पुढे झाले, पण तेवढ्यात सासूबाईंनी हात जागेवर ठेवलाही होता. सिस्टरने खांदे उडवून बटण दाबलं. मी दाराच्या काचेतून बघत होते. आकडा मला दिसत नव्हता, पण सिस्टरने ह्या खेपेला दुसऱ्या सिस्टरला बोलवलं नाही. तिने नुसतं लिहिलं आणि हिरवा गाउन मामंजींच्या हातात दिला. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि शेजारच्या अनोळखी बाईला उगाच विचारलं, ‘‘चाय पिएँगी?’’

उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर मामंजींनी आधी भिंत बघितली, मग खिडकी, मग सासूबाईंकडे बराच वेळ बघत राहिले.

‘‘तू एवढी पिकलीस कधी?’’

‘‘तुम्ही सोळाव्या अध्यायात होतात तेव्हा.’’

घरी आल्यावर त्यांनी मला गच्चीच्या कोपऱ्यातलं जाळं, देवघरातल्या समईची काळी पडलेली कड आणि स्वयंपाकघरातल्या कपाटामागची धूळ दाखवली. ती सगळी कामं मी एका रविवारी उरकली, आनंदाने. थेंब घालायच्या वेळांचा तक्ता केला. डोळ्याला पाणी लागायला नको म्हणून गंगेत बुडी काही आठवडे बंद होती, पण पायऱ्या उतरून काठावर बसायला डॉक्टरांची हरकत नव्हती. मामंजींनी पहिल्याच पहाटे कानटोपी घातली, नवा तांब्या घेतला आणि निघाले. हे त्यांच्यामागे अंतर ठेवून निघाले, फिरायला चाललोय असं सोंग करत. आयुष्यात कधी फिरायला गेले नव्हते. परत आले तेव्हा सांगत होते, ‘‘बाबा प्रत्येक पायरीवर थांबून खाली बघत होते. मला वाटलं घाबरलेत. जवळ गेलो तर म्हणतात, ही पायरी कोणी बदलली? पूर्वी इथे चीर नव्हती.’’

पुढे बुडीलाही परवानगी मिळाली. त्या सकाळी आम्ही सगळेच खाली गेलो, काकूसुद्धा. पाणी गार होतं. मामंजी कंबरभर पाण्यात उभे राहिले, सूर्याकडे तोंड करून, आणि उजवा हात हवा तितका वर, हवा तितका खाली करत, मोठ्याने पाठ म्हणत राहिले. सासूबाई पायरीवर टॉवेल घेऊन बसल्या होत्या आणि कोणीतरी त्यांना तिळाचा भाव विचारत होतं.

आता राहिलाय डावा डोळा. दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला. आठवडाभराची नोंद पाठवा, तारीख देतो म्हणतात. नोंद करायची तर मामंजी सकाळी चहाआधी खुर्चीत बसायला हवेत, आणि मी उठते तेव्हा ते घाटावर गेलेले असतात. वर येतात ते उन्हं चढल्यावर, पायऱ्या चढून, कोणाकडे तरी चहा पिऊन. ‘‘एका डोळ्याने सगळं दिसतंय, घाई काय आहे?’’ असं विचारतात. काल मी यंत्र पिशवीत घालून खाली घाटावरच नेलं. पट्टा काढेपर्यंत ते नावेत बसून पलीकडच्या वाळूवर निघून गेले होते, आणि तिथून हात हलवत होते. डाव्या डोळ्याची तारीख अजून घ्यायची आहे.